नवजात बाळाचा दुमडलेला कान : वाट पाहावी की लगेच दाखवावे?

निळीछत्री

आमची मुलगी आज ४ दिवसांची झाली. ती पूर्ण दिवसांची आहे, वजन चांगले आहे, दूध नीट ओढते आणि बाकी कोणतीही तक्रार नाही. मात्र तिच्या उजव्या कानाची वरची कड पुढे आणि खाली वळलेली आहे, खुणेसाठी पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडून ठेवावा तशी. बोटाने हलकेच वर उचलली तर ती सरळ होते, काही क्षण तशीच राहते आणि मग माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू पुन्हा खाली येते. डावा कान व्यवस्थित आहे.

रुग्णालयातून निघताना आम्ही याबद्दल विचारले, तेव्हा "पोटात दाबला गेला असेल, आपोआप उघडेल" एवढेच उत्तर मिळाले. उत्तर देणाऱ्यांचा एक हात तोवर दाराच्या मुठीवर होता, त्यामुळे पुढचे प्रश्न माझ्या तोंडातच राहिले. ते येथे विचारते. हा कान खरोखर आपोआप उघडतो का, आणि उघडत असेल तर किती दिवस वाट पाहावी? तिला त्या कानाने कमी ऐकू येत असेल का? तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच रात्री झोपू देत नाही. शेवटचे ३ महिने मी सतत उजव्या कुशीवर झोपत होते. त्यामुळे तर हे झाले नसेल ना?

आडवाट

निळीछत्री, अभिनंदन. आमच्या मुलाचा डावा कान जन्मतः असाच गालाकडे लोळलेला होता. आम्ही काहीही केले नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी आंघोळ घालताना लक्षात आले की कड बरीच वर आली आहे, आणि दुसऱ्या आठवड्यात तर कोणता कान दुमडलेला होता हे आठवावे लागले. त्यामुळे माझा सल्ला असा की थोडा धीर धरावा आणि दर तासाला आरशासमोर नेऊन दोन्ही कानांची तुलना करणे आधी थांबवावे. (आम्ही तेच करत होतो, म्हणून सांगतो.)

कासवगती

आडवाट यांचा अनुभव खरा आहे याबद्दल शंका नाही, पण तोच सल्ला मानून आमची जी फसगत झाली ती येथे नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते. आमच्या मुलीच्या दोन्ही कानांच्या वरच्या कडा वळलेल्या होत्या. पहिल्या तपासणीत आम्हाला "६ आठवडे थांबा, मग बघू" असे सांगण्यात आले. आम्ही थांबलो. सहा आठवड्यांनी "अजून थोडे थांबा" असे सांगितले गेले. चौथ्या महिन्यात आम्ही स्वतःहून एका प्लास्टिक सर्जनकडे गेलो. त्यांनी कान दोन बोटांत धरून वाकवून पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दुसऱ्या आठवड्यात का नाही आणलेत?"

तोपर्यंत कान बऱ्यापैकी ताठ झाला होता. हाताने सरळ केला की सोडताक्षणी पुन्हा मूळच्या घडीत जाऊन बसत असे. आता शस्त्रक्रियेचा विचार ती शाळेच्या वयाची झाल्यावर करता येईल, आणि तोही तिला स्वतःला हवे असेल तर. ती आनंदात आहे, तिला उत्तम ऐकू येते, आणि यापलीकडे काही बिघडलेले नाही हे मी मान्य करतो. तरीही "थांबा" हा सल्ला निरुपद्रवी असतो असे मी यापुढे मानणार नाही, कारण त्या ६ आठवड्यांत काय निसटत होते ते आम्हाला कोणी सांगितलेच नाही.

टाकादोरा

मी प्लास्टिक सर्जन आहे. बाळाला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही, परंतु वरचे दोन्ही अनुभव एकाच वेळी खरे कसे असू शकतात हे समजावून सांगता येईल.

बाह्यकर्णाचा सांगाडा हाडाचा नसून कूर्चेचा असतो. गर्भारपणात आईच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक वारेतून बाळाकडे जात असते आणि त्याच्या प्रभावामुळे बाळाच्या कूर्चेत हायलुरॉनिक आम्ल जास्त राहून ती ओल्या मातीसारखी लवचीक राहते. जन्मानंतर हा पुरवठा अर्थातच बंद होतो. बाळाच्या रक्तातील इस्ट्रोजेन पहिल्या काही दिवसांनंतर झपाट्याने उतरते आणि साधारण ६ आठवड्यांत अगदी खाली येते, आणि त्याबरोबर कूर्चाही हळूहळू घट्ट होत जाते. म्हणजे जी मऊ कूर्चा पोटातील दाबामुळे दुमडली गेली, तीच जन्मानंतरचे काही आठवडे उलट दिशेने वळवूनही घेता येते. जपानमधील मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली नवजात बाळांचे कान शस्त्रक्रियेविना दुरुस्त करण्याबद्दल जे लिहिले, त्याचा पाया हाच होता. कानाला योग्य आकारात धरून ठेवण्यासाठी त्यावर काही आठवडे बसवून ठेवतात ते आजचे साचेही याच तत्त्वावर चालतात.

आता आपोआप उघडण्याबद्दल. आकार बिघडलेल्या कानांपैकी सुमारे ३० टक्के कान स्वतःहून सुधारतात असे आमच्या क्षेत्रात सांगितले जाते, आणि ही सुधारणा मुख्यतः पहिल्या आठवड्यातच दिसते. आडवाट यांचे बाळ त्या ३० टक्क्यांतले. दहाव्या दिवशीही घडी जशीच्या तशी असेल, तर ती पुढे आपोआप जाईल या भरवशावर राहू नये. त्यामुळे ५ ते ७ दिवस रोज एकाच वेळी, एकाच बाजूने छायाचित्र काढून ठेवावे आणि त्याच काळात तज्ज्ञांची वेळही घेऊन ठेवावी, म्हणजे कान उघडला तर ती रद्द करता येते आणि नाही उघडला तर दिवस वाया जात नाहीत. उपचार पहिल्या ३ आठवड्यांच्या आत सुरू झाला तर परिणाम सर्वांत चांगला मिळतो. त्यानंतर तो अशक्य होतो असे नाही, पण साचा जास्त आठवडे ठेवावा लागतो आणि निकालाची खात्री कमी होत जाते.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. कानाचे सगळे भाग जागेवर आहेत आणि फक्त वाकले आहेत, ही एक गोष्ट झाली. एखादा भाग मुळात तयारच झालेला नाही, त्वचा किंवा कूर्चा कमी आहे, ही दुसरी गोष्ट. निळीछत्री, तुम्ही बोटाने कड उचलून पाहिलीत, तीच परीक्षा आम्हीही सर्वप्रथम करतो. हलक्या बोटाने कान नेहमीच्या आकारात येत असेल तर तो बहुधा पहिल्या प्रकारचा असतो आणि साच्याला चांगला प्रतिसाद देतो. बोटाने उचलूनही कड पुरेशी वर येत नसेल, सुरकीच्या पिशवीची दोरी ओढून तोंड आवळल्यासारखी ती आखूड वाटत असेल, तर तो आवळलेला कान असतो. त्याचे सौम्य प्रकार साच्याने सुधारतात, तीव्र प्रकार पूर्णपणे सुधारत नाहीत. वरचा भाग डोक्याच्या त्वचेखाली दडलेला असणे हाही एक प्रकार आहे. तेथे कान बाहेर ओढला की दिसतो आणि सोडला की पुन्हा आत जातो.

कुशीबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट शब्दांत देतो. तुमच्या झोपण्यामुळे हे झालेले नाही. बाळ गर्भजलात असते, पोटात स्वतः फिरत असते, आणि त्याचा कान गर्भाशयाच्या भिंतीला किंवा त्याच्याच खांद्याला दाबला जाणे हे तुमच्या कुशीवर अवलंबून नसते.

निळीछत्री

टाकादोरा, शेवटचा परिच्छेद मी ३ वेळा वाचला. मनापासून आभार.

आज पाचवा दिवस. बोटाने कड पूर्ण वर येते आणि तेव्हा तो कान अगदी डाव्यासारखा दिसतो. मग एक सरळ प्रश्न मनात येतो. बोटाने येतो, तर साध्या चिकटपट्टीने घरीच डोक्याला चिकटवून का ठेवू नये?

रात्रपाळी

मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे आणि या प्रश्नाचे उत्तर मलाच द्यावेसे वाटते, कारण घरगुती चिकटपट्ट्यांचे परिणाम आम्हाला पाहावे लागतात. कृपया तसे करू नका. नवजात बाळाची त्वचा इतकी पातळ असते की साधी पट्टी ओढून काढताना वरचा थर निघून येतो. सुटलेली पट्टी बाळाच्या तोंडात जाऊन घशात अडकण्याची भीती वेगळीच. शिवाय नुसती पट्टी कान मागे ढकलते, घडी उलगडत नाही. घडी उलगडण्यासाठी कडेच्या आतल्या पन्हळीत काहीतरी आधार बसवावा लागतो आणि तो आधार किती दाबावा हे हाताला कळण्यासाठी सराव लागतो. जास्त दाब पडला तर कूर्चेवरची त्वचा आधी लाल होते आणि मग तेथे जखम होते.

आमच्या विभागातील एक गोष्ट सांगते, म्हणजे मऊ कान किती स्वाभाविक असतो ते कळेल. बाळ किती आठवड्यांचे आहे याचा अंदाज बांधण्यासाठी बॅलार्ड नावाची गुणपद्धती वापरतात. तिच्यात कानालाही गुण असतात. कान पुढे दुमडून सोडायचा. पूर्ण दिवसांच्या बाळाचा कान चटकन मागे येतो. फार लवकर जन्मलेल्या बाळाचा कान दुमडला तसाच पडून राहतो, एखादे ओले पान राहावे तसा. म्हणून अशा बाळांना कुशीवर वळवताना खालचा कान सपाट आहे ना, हे आम्ही दरवेळी बोट घालून पाहतो. तुम्हीही दूध पाजताना तेवढे पाहा. उजव्या बाजूने पाजताना आणि डाव्या बाजूने पाजताना बाळाचे वेगवेगळे कान तुमच्या दंडावर येतात, आणि दंडाखाली कान पुढे दुमडून तास-तास राहू नये इतकीच काळजी पुरेशी आहे. झोपवायचे मात्र पाठीवरच. कानासाठी म्हणून कुशीवर झोपवणे किंवा उशा लावणे धोक्याचे आहे, ते कोणी सुचवले तरी करू नये.

कानांवर बारीक लव असेल तर तीही काही आठवड्यांत गळून जाते. तिच्याबद्दल विचारणारे पालक रोज भेटतात, म्हणून आधीच सांगून टाकले.

ऐकण्याबद्दल सांगायचे तर वरची कड दुमडलेली असल्याने श्रवणावर काही परिणाम होत नाही. कानाचे छिद्र उघडे आहे हे महत्त्वाचे. तरीही नवजात श्रवणचाचणी झाली आहे का, हे कागदपत्रांत शोधा. बाळ झोपेत असताना कानात छोटी नळी ठेवून किंवा डोक्याला चिकट संवेदक लावून ती काही मिनिटांत होते आणि काहीही दुखत नाही. पहिल्या महिन्याच्या आत चाचणी, शंका आल्यास ३ महिन्यांच्या आत पक्के निदान आणि ६ महिन्यांच्या आत उपचार, असा सर्वसाधारण नियम आहे. दुमडलेल्या कानाची चर्चा करता करता ही चाचणीच राहून गेली, असे मी पाहिले आहे.

डावीबाजू

टाकादोरा यांनी ज्याचा "दुसरी गोष्ट" म्हणून उल्लेख केला, ती आमच्या घरी आहे. आमच्या मुलाचा उजवा कान तयारच झालेला नाही. शेंगेसारखा मांसल उभार आहे, खाली छोटी पाळी आहे आणि छिद्र नाही. याला मायक्रोशिया म्हणतात. काही हजार जन्मांमागे एखाद्या बाळात हे आढळते, बहुतेकदा एकाच बाजूला आणि उजवीकडे अधिक. बाह्यकर्ण गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास ६ लहान उंचवट्यांपासून घडू लागतो, आणि आमच्या मुलात ती घडण तेथेच अडखळली. अनेक स्त्रियांना तोवर दिवस गेल्याचे नीटसे कळलेलेही नसते. हे निळीछत्री यांच्या कुशीच्या प्रश्नासाठीही लिहीत आहे.

ज्यांचे बाळ या गटात आहे अशा कोणी हा धागा शोधत आलेच, तर त्यांच्यासाठी थोडे. साच्याचा येथे उपयोग नाही आणि त्यासाठी धावपळ करू नये. धावपळ करायचीच असेल तर श्रवणाच्या संपूर्ण तपासणीसाठी करावी. छिद्र बंद असले तरी आतला कान बहुधा चांगला असतो, त्यामुळे डोक्याभोवतीच्या मऊ पट्ट्यावर बसवलेले, हाडातून ध्वनी पोहोचवणारे यंत्र लहान बाळालाही वापरता येते. आमच्या मुलाने ते पहिल्यांदा लावले तेव्हा तो रडता रडता थांबला आणि भिंतीकडे बघत राहिला. पलीकडच्या खोलीत नळ चालू होता. दुसऱ्या, चांगल्या कानात साधी सर्दी साचली तरी आम्ही ती अंगावर काढत नाही, कारण त्याच्याकडे पर्यायी कान नाही.

नवा कान बरगडीच्या कूर्चेपासून घडवतात आणि त्यासाठी बरगडी पुरेशी मोठी व्हावी लागते. काही सर्जन वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास सुरुवात करतात. जपानी सर्जन नागाता यांच्या पद्धतीत वय १० वर्षे आणि छातीचा घेर ६० सेंटीमीटर होण्याची वाट पाहतात. म्हणजे आमच्याकडे वेळच वेळ आहे. दुमडलेल्या कानाच्या पालकांकडे तो नाही. एकाच विषयाच्या धाग्यात किती उलट सल्ले योग्य असू शकतात, याचे मला आता नवल वाटत नाही.

टोकदार

थोडा विरोधी सूर लावतो. माझ्या डाव्या कानाच्या वरच्या भागात एक जास्तीची आडवी घडी आहे आणि त्यामुळे तो टोकदार दिसतो. त्याला स्टालचा कान म्हणतात हे मला पस्तिशीत कळले. शाळेत नावे पडली, तशी ती चष्म्यावरून, उंचीवरून आणि आवाजावरूनही इतरांना पडत होती. माझ्या आईने त्याला कधी दोष म्हटले नाही. ४ दिवसांच्या बाळाचा कान "दुरुस्त" करण्याची घाई पाहून मला जरा वाईट वाटते. तो कान ऐकतो. एवढे पुरेसे का नाही?

कासवगती

टोकदार, तुमचे म्हणणे मला पटते, आणि आमच्या मुलीला आम्ही घरी तसेच वाढवत आहोत. पण माझ्या तक्रारीचे कारण तिचा कान नाही. त्या वेळी निवड आमच्या हातात होती आणि ती आहे हे आम्हाला कळू दिले गेले नाही, हे आहे. काहीच न करण्याचा निर्णय समजून घेतला असता तर तो निर्णय ठरला असता. आम्ही तर निव्वळ तारखा मोजत बसलो होतो.

टाकादोरा

टोकदार यांच्या प्रश्नाला वैद्यकीय उत्तर नाही, आणि ते आहे असे भासवणे चुकीचे ठरेल. दुमडलेला कान हा आजार नाही. साचा लावला नाही म्हणून बाळाचे कोणतेही शारीरिक नुकसान होत नाही, अपवाद एवढाच की त्वचेखाली दडलेल्या कानावर पुढे चष्म्याची दांडी टेकायला अडचण येते. मोठेपणी इच्छा झालीच तर ५-६ वर्षांनंतर शस्त्रक्रियेचा मार्ग उरतोच, कारण तोवर कानाची बहुतेक वाढ झालेली असते. मात्र त्यात भूल, टाके आणि त्यानंतरची पट्टी आली. त्यापेक्षा न दुखणारे काही आठवडे पालकांना बरे वाटले, तर त्यांना मी उतावीळ म्हणणार नाही.

साचेबद्ध

ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे असे कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. आमच्या मुलाला अकराव्या दिवशी साचा लावला. आधी कानाभोवतीचे जावळ दोन बोटे रुंद पट्ट्यात काढले, आणि तेथील त्वचा पुसून कोरडी केली. मग कानाभोवती प्लॅस्टिकची चिकट बैठक बसवली, कडेच्या आत छोटे वक्र आधार अडकवले आणि वर झाकण लावले. लहानशी वाटी पालथी घातल्यासारखे दिसते. तो सबंध वेळ दूध पीत होता आणि शेवटी झोपला. तयार साचा मिळत नसेल तेथे काही डॉक्टर मऊ नळीत बारीक तार घालून तिला कानाच्या कडेचा बाक देतात आणि कागदी पट्ट्यांनी बसवतात, असे आम्हाला सांगण्यात आले.

आम्ही एकूण ५ आठवडे साचा ठेवला आणि मध्ये दोनदा बदलला. त्या काळात डोके भिजवायचे नाही, फक्त ओल्या कपड्याने पुसायचे. खरी कटकट घामाची. दुसऱ्या आठवड्यात बैठकीची एक बाजू सुटली आणि झाकणाखालून आंबूस वास येऊ लागला. आम्ही घाबरून गेलो, तर कानामागे त्वचा थोडी लाल झाली होती. साचा काढून दोन दिवस त्वचेला मोकळे ठेवले आणि पुन्हा लावला. त्यामुळे रोज नाक जवळ नेऊन वास घ्यावा, हा माझा अत्यंत अशास्त्रीय परंतु उपयोगी सल्ला आहे. वास, पाणी, सूज किंवा रक्त दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये, आणि ३ महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर कारण काहीही असो, तत्काळ रुग्णालयात न्यावे.

निकाल सांगायचा तर कड उघडली आणि तशीच राहिली. दोन्ही कान तंतोतंत सारखे नाहीत. माझे स्वतःचेही नाहीत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

रात्रपाळी

एक राहिले. कान दुमडलेला नसून एक कान दुसऱ्यापेक्षा पुढे सरकलेला दिसत असेल, तर बाळाला वरून, टाळूच्या बाजूने पाहा. डोक्याची मागची एक बाजू चपटी झाली असेल तर त्या बाजूचा कान पुढे ढकलला जातो. तेथे दोष कानाचा नसतो. बाळ सतत एकाच बाजूला मान वळवत असेल तर मानेचा स्नायू आखडला आहे का हे तपासून घ्यावे. कान डोळ्यांच्या पातळीपेक्षा बरेच खाली असतील, कानाच्या पुढे छिद्र किंवा मांसाचा ठिपका असेल, किंवा कानाबरोबर जबडा अथवा मान वेगळी दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना ते वेगळे सांगावे. नुसता छोटा ठिपका बहुधा निरुपद्रवी असतो, पण मग श्रवणचाचणी चुकवू नये, आणि घरात बहिरेपणाचा इतिहास असेल तर मूत्रपिंडांची सोनोग्राफी करावी लागेल का तेही विचारावे.

निळीछत्री

आज नववा दिवस आहे. रोजची छायाचित्रे ओळीने लावून पाहिली. पहिल्या ३ दिवसांत कड किंचित वर आली असे मला वाटत होते, पण छायाचित्रांत पाचवा दिवस आणि नववा दिवस यांत काहीही फरक नाही. श्रवणचाचणीचा कागद सापडला, दोन्ही कान उत्तीर्ण आहेत. उद्या सकाळी प्लास्टिक सर्जनकडे जायचे ठरवले आहे. ते काय म्हणतात ते ऐकू आणि मग आम्ही दोघे ठरवू. टोकदार, तुमचा प्रतिसाद मी माझ्या नवऱ्याला मुद्दाम वाचून दाखवला, आणि ठरवताना तोही समोर असेल.

साचेबद्ध, जावळ काढताना बाळ हलले तर काय करतात? माझी मुलगी झोपेतही पाय झाडते.

साचेबद्ध

एकाने डोके दोन्ही तळहातांत धरायचे आणि दुसऱ्याने काढायचे. धरण्याचे काम तुम्हीच करा, आणि जाण्याआधी पाजू नका. तेथे पोहोचल्यावर पाजा, म्हणजे काम सुरू होईल तेव्हा ती पीत असेल.